मुकादम आणि मंडळी, एकूण आठ

"तुमचा ग्रुप कुठंय, काका?" काउंटरवरच्या मुलीने विचारले.

"येतोय," मुकादम म्हणाले आणि दरवाजाकडे अशा काही खात्रीने बघू लागले की मुलीनेही मान वळवून तिकडे बघितले. दरवाजातून एक बाई ढकलगाडीवर बॅगा रचून आत येत होती. ती अर्थातच मुकादमांच्या ग्रुपमधली नव्हती. मुकादमांच्या ग्रुपमध्ये त्या घडीला मुकादम सोडून कोणीच नव्हते, आणि ही गोष्ट त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये फक्त मुकादमांना ठाऊक होती.

बंदरावरच्या त्या हॉलमध्ये क्रूझला निघालेल्या माणसांची कंपनीने सरळ दोन भागांत वाटणी केली होती. एकीकडे साधी रांग. दोऱ्या बांधून केलेल्या अरुंद वाटांमधून ती पुढे जाई, भिंतीपाशी वळे, परत मागे येई, पुन्हा वळे. दुसरीकडे गालिचा, सोफे, फळांच्या रसाचे पेले आणि पाटी: आठ किंवा अधिक जणांच्या ग्रुपसाठी प्राधान्य. या मंडळींचे चेक-इन बसल्या जागी होणार आणि जहाजावर पहिले पाऊलही तीच टाकणार. आठ माणसांना ताटकळत ठेवणे कंपनीला जड जात असावे. एकट्या माणसाचे काय, त्याला कितीही उभे केले तरी तो कुरकुर करणार कोणापाशी?

मुकादम हे त्यांचे खरे नाव नव्हे, छापखान्यातल्या मंडळींनी ठेवलेले. ते एका छापखान्यात रवानगी खात्यात होते. छापून, बांधून तयार झालेले पुस्तकांचे गठ्ठे गाडीत चढताना मोजायचे, हे त्यांचे काम. उभा जन्म मोजण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांचा हात थांबेना. जिथे चार माणसे जमतील तिथे ते तर्जनी हवेत नाचवत 'एक, दोन, तीन' सुरू करत. छापखान्यातल्या जुन्या मंडळींची सहल काढायची म्हटले की पुढाकार त्यांचाच. गाडी ते ठरवणार, खोल्या ते वाटणार, सकाळी सगळ्यांची दारे ते वाजवणार. बायको होती तोवर ती त्यांना मागून सदरा ओढून आवरत असे. ती गेल्यापासून आवरणारे कोणी राहिले नव्हते.

क्रूझचा बेतही त्यांचाच. वर्षभर त्यांनी सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून हे जहाज, ही तारीख, आठ जणांना मिळणारे हे प्राधान्य पटवून दिले. आठ जण जमले. बुकिंग झाले. आणि मग एकेकाचे फोन यायला लागले. बाइंडरचा गुडघा धरला, म्हणजे बाइंडर आणि वहिनी दोघेही बाद. मशीनमनच्या भाच्याचे लग्न निघाले, तेही सपत्नीक गळाले. कॅशियरच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. स्टोअरकीपरचे मांजर आजारी पडले. राहता राहिल्या प्रूफवाल्या बाई. त्यांनी सांगितले की आपल्याला बोट लागते.

मुकादम प्रत्येकाला म्हणाले, "तब्येत आधी. मी कळवतो कंपनीला. माझंही मग राहू दे, एकट्यानं कुठं जायचं."

आणि त्यांनी कंपनीला कळवले नाही. दोनदा फोन लावला होता. पलीकडून मशीनमधला गोड आवाज म्हणाला की ग्रुप रद्द करायचा असेल तर दोन दाबा. मुकादमांचे बोट दोनपर्यंत जाई आणि परत येई. गुडघे बरे होतात, मांजरेही बरी होतात, असे ते स्वतःला समजावत राहिले. खरे म्हणजे त्यांना चार दिवस कोणाच्या तरी सोबत जेवायचे होते, बाकी जहाजाचे त्यांना काडीचे अप्रूप नव्हते. तारीख आली तेव्हा त्यांनी बॅग भरली. बाइंडरच्या गुडघ्यासाठी घडीची छोटी बैठक घेतली, बाईंसाठी बोट न लागण्याच्या गोळ्या घेतल्या, आणि ते एकटेच आठ जणांच्या ग्रुपच्या सोफ्यावर येऊन बसले.

आता सोफ्यावर एकटे बसणे अवघड नसते. अवघड होते समोर मांडलेले आठ पेले. मुकादमांनी एका खुर्चीवर छत्री ठेवली, एकीवर टोपी, एकीवर मफलर, म्हणजे माणसे आत्ताच उठून गेल्यासारखी वाटतील. एक पेला स्वतःचा म्हणून प्यायले, दुसरा मशीनमनचा म्हणून. तिसऱ्या पेल्याला त्यांचे पोट नको म्हणू लागले. तेवढ्यात मुलगी आठ बिल्ले घेऊन आली, आणि एकेकाची चौकशी करू लागली.

"बाइंडरकाकांना वेळ लागतोय," मुकादमांनी सांगितले. "गुडघा धरलाय त्यांचा. हळूहळू चालतात."

"मग चाकाची खुर्ची मागवते ना."

नको म्हणायच्या आत तिने ती मागवलीसुद्धा. मग मुकादम सांगतच सुटले. मशीनमन भाच्याच्या लग्नातून परस्पर यायचे आहेत. कॅशियरच्या डोळ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, त्यांना उन्हातून घाईने आणता येत नाही. स्टोअरकीपरना मांजर शेजारी सोडून निघायचे म्हणजे जिवावर येते. आणि प्रूफवाल्या बाईंना बोट लागते, तेव्हा त्यांना जहाजाच्या मधल्या भागातली खोली मिळाली तर बरे, मध्ये म्हणे कमी हलते. मुलीने ती खोली बदलूनही दिली, आणि बाई आल्या की द्यायला म्हणून मुकादमांनी गोळ्यांची पट्टीही तिच्या हवाली केली. न येणाऱ्या माणसांची इतकी चोख व्यवस्था त्या बंदरावर आजवर कोणी केली नसेल.

गंमत अशी की बोलता बोलता मुकादमांना ती माणसे खरोखरच वाटेवर आहेत असे वाटू लागले. तेवढ्यात सुपरवायझर आला. त्याने घड्याळ दाखवले आणि सांगितले की थोड्याच वेळात दार उघडेल. आठच्या आठ हजर नसतील तर प्राधान्य गेले, काकांनी पलीकडच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहायचे. मुकादमांनी मान डोलावली. आता खरे सांगून टाकावे आणि टोपी, छत्री गोळा करून घरचा रस्ता धरावा असे ते ठरवत होते, तेव्हा साध्या रांगेच्या तोंडाशी गलका झाला.

"अहो, आम्ही सात आहोत. आठवा आणू कुठून?"

हा आवाज मुकादम झोपेतसुद्धा ओळखले असते. छापखान्यातल्या मशीनच्या धडधडाटात आयुष्य घालवलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. मशीनमन होते ते, आणि त्यांच्यामागे वहिनी, बाइंडर पतिपत्नी, गॉगल लावलेले कॅशियर, स्टोअरकीपर आणि अगदी मागे प्रूफवाल्या बाई.

झाले होते ते असे. मंडळींना मुकादम नको होते, पण मुकादमांनी शोधलेले जहाज हवे होते. नव्या बॅगा घेऊन झाल्या होत्या, घरी सांगून झाले होते. मुकादम येत नाहीत हे त्यांच्याच तोंडून कळल्यावर सातांनी वेगळे बुकिंग केले, त्याच जहाजाचे, त्याच तारखेचे. बेत मुकादमांचा जसाच्या तसा ठेवला, फक्त त्यातून मुकादम वगळले. इतका वेळ रांगेत उभे राहून ते काउंटरला पोचले, तर कॉम्प्युटर त्यांना घेईना. तुमची नावे आधीच एका ग्रुपमध्ये आहेत, तो म्हणत होता, ग्रुपप्रमुख सोबत असल्याशिवाय चेक-इन होणार नाही. लगेच लाउडस्पीकरवर पुकारा झाला: 'मुकादम आणि मंडळी, एकूण आठ, या ग्रुपच्या प्रमुखांनी हात वर करावा.'

मुकादमांनी हात वर केला. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

सुपरवायझर त्या सातांना हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत घेऊन आला. एवढे अंतर त्यांना कमी पडले असावे, कारण पोचल्यावरही काय बोलायचे ते कोणाला सुचलेले नव्हते. पण काउंटरवरच्या मुलीला सुचत होते. ती तर कधीची वाट बघत होती.

"तुम्हीच बाइंडरकाका ना? या, तुमची खुर्ची आलीय."

तरातरा चालत आलेले बाइंडर चाकाची खुर्ची बघून थबकले. कोणता गुडघा सांगितला होता ते आठवेना, म्हणून ते खबरदारी घेत दोन्ही पायांनी लंगडले आणि मुकाट्याने खुर्चीत बसले. कॅशियरनी गॉगल काढला होता, तो ऑपरेशनची विचारपूस ऐकताच घाईने परत चढवला. स्टोअरकीपरनी मांजर आता बरे आहे असे सोफ्याच्या पायाकडे बघत सांगितले.

"आणि भाच्याचं लग्न? छान झालं?" मुलीने मशीनमनना विचारले.

"मोडलं," मशीनमन म्हणाले. ते अख्ख्या हॉलने ऐकले. वहिनींनी त्यांच्याकडे असे बघितले, की भाचा त्यांच्या माहेरचा असावा हे कोणालाही कळले असते.

शेवटी मुलीने गोळ्यांची पट्टी प्रूफवाल्या बाईंच्या हातात दिली. काकांनी तुमच्यासाठी आणून ठेवल्यात, ती म्हणाली, आणि जहाजाच्या मध्यावरची खोलीपण मागून घेतलीय. बाई ती पट्टी हातात धरून उभ्याच राहिल्या. बाकीचे मात्र हळूहळू सैलावले होते. छत्री, टोपी, मफलर बाजूला सरकवून एकेक जण बसला. रांगेत उभे राहून पाय गेलेच होते. मशीनमननी एक पेला उचलला, अर्धा रिकामा केला आणि जुन्या सलगीने म्हणाले, "झालं गेलं सोड रे, मुकादम. चल, हो म्हण आणि सुटू एकदाचे."

"आठ झाले ना?" सुपरवायझर म्हणाला. "प्रमुखांनी फक्त हो म्हणायचं. मी दार उघडतो."

आठच्या आठ जण जमले होते. वर्षभर मुकादमांनी मनात रंगवलेले चित्र हेच होते, आणि ते पुरे व्हायला एका शब्दाची कसर होती. त्यांनी सगळ्यांकडे बघितले. मंडळी दाराकडे बघत होती, सुपरवायझरकडे बघत होती, पेल्याकडे बघत होती. मुकादमांकडे कोणी बघत नव्हते. त्यांना आठवा माणूस हवा होता. तो कोणीही चालला असता. हे मुकादमांच्या लक्षात आले. बायको गेली त्या दिवसानंतर त्यांना इतके एकटे वाटले नव्हते, आणि त्या दिवशी निदान घरात माणसे तरी होती.

"मुकादम," प्रूफवाल्या बाई म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्यामुळे त्यांचा आवाज जात्याच कोरडा होता. "मला बोट लागत नाही."

"कळलं मला."

"आम्ही ठरवून तुम्हाला वगळलं. हो म्हणायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून सांगतेय."

बाइंडर खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. मशीनमननी पेला खाली ठेवला. मुकादम मुलीकडे वळले.

"बेटा, या सातजणांची नावं माझ्या ग्रुपमधून काढ. त्यांनी मला नाही म्हणून केव्हाच कळवलं होतं. तुम्हाला कळवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. त्यांची काही चूक नाही. ते वेगळे आलेत."

"मग तुमचा ग्रुप, काका?"

"मला ग्रुप नाही."

मुलीने नावे काढली. कॉम्प्युटरला ते एकदम पसंत पडले. पण सातांना प्राधान्य नसते आणि एकाला तर नसतेच नसते, त्यामुळे सुपरवायझरने सगळ्यांना साध्या रांगेची वाट दाखवली. मधल्या वेळात रांग बरीच वाढली होती. मंडळी खालमानेने निघाली. बाइंडर चाकाच्या खुर्चीतून उतरले आणि अगदी नीट चालत गेले.

मुकादम मुद्दाम मागे राहिले. बिल्ले परत केले, टोपी, छत्री, मफलर गोळा केले, न प्यायलेल्या पेल्यांबद्दल मुलीची माफी मागितली. घरी परत जावे असे त्यांना फार वाटले, पण घरी तरी कोण होते. ते रांगेशी आले तेव्हा त्यांनी आणखी पाचसहा जणांना पुढे जाऊ दिले, म्हणजे त्या सातांत आणि आपल्यात भरपूर माणसे राहतील, कोणाला कोणाचे तोंड बघावे लागणार नाही.

पण दोऱ्यांच्या त्या रांगेचा हिशेब त्यांच्या लक्षात आला नव्हता. नागमोडी रांगेत मागच्या माणसाला पुढच्यांची नुसती पाठच दिसत नाही. प्रत्येक वळणानंतर पुढची माणसे उलटी फिरून त्याच्यासमोरून जातात, ती थेट दोरीच्या पलीकडून, हातभर अंतरावरून. चुकवायचे असेल अशा माणसाला पुन्हा पुन्हा भेटण्याची याहून खात्रीची सोय कोणी केली नसेल.

पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा सातही जणांना छतात काहीतरी बघण्यासारखे सापडले. मुकादमांनी बुटाची नाडी बांधली. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. दुसऱ्या वळणाला कॅशियरनी गॉगल काढला आणि खिशात ठेवून दिला. तिसऱ्या वेळी मशीनमननी, त्यांच्या मानाने कुजबुजत, "गरम होतंय," असे सांगितले आणि मुकादम हो म्हणाले.

चौथ्या वेळी बाइंडर दोरीचा खांब धरून उभे होते. एवढा वेळ उभे राहून त्यांचा गुडघा खरेच धरला होता आणि आता ते कोणाला सांगायची सोय नव्हती. मुकादमांनी काही न विचारता बॅगेतून घडीची बैठक काढली, उघडली आणि दोरीवरून पलीकडे दिली. बाइंडरनी ती दोन्ही हातांनी घेतली. ते बसले. बाइंडरवहिनींनी पदराने डोळे पुसले आणि घाम फार येतोय म्हणाल्या.

पाचव्या वेळी प्रूफवाल्या बाई पुढे सरकल्याच नाहीत. मागच्या माणसांना त्या जा, जा, अशी खूण करत राहिल्या. माणसे पुढे जात राहिली आणि मुकादम बाईंपाशी येऊन पोचले. दोघे शेजारी उभे राहिले.

"तुम्ही फार मोजता हो," बाई म्हणाल्या. "मागच्या सहलीत गाडी सुटायच्या आधी मोजलंत, सुटल्यावर मोजलंत. मी बाथरूममध्ये होते, तर दाराबाहेरून विचारलंत, बाई, आहात ना?"

"होतात ना पण."

"होते. कुठं जाणार होते?" बाईंनी बॅग पायाने पुढे सरकवली. "आणि रोज संध्याकाळी फोन. नाही उचलला की परत."

"संध्याकाळी घर खायला उठतं," मुकादम म्हणाले. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते आणि रांगेत, बॅगा सरकवत सांगावे लागेल असे त्यांना वाटले नव्हते. "ही रात्री दार लावायच्या आधी विचारायची, आले का सगळे? पोरगी परदेशी गेल्यावरही विचारायची. सवय. आता मी दार लावतो तेव्हा विचारणारंही कोणी नाही आणि यायचंही कोणी नाही. मग मी तुम्हालाच मोजत बसतो."

बाईंनी यात काहीच दुरुस्ती सुचवली नाही. रांग दोनदा पुढे सरकली.

"हे आधी सांगायचं होतंत," त्या शेवटी म्हणाल्या. "एवढे गुडघे आणि मांजरं शोधत बसावं लागलं नसतं आम्हाला."

"लाज वाटते हो."

"आम्हाला काय आज अभिमान वाटतोय?"

पुढच्या वळणावर मशीनमन उभे होते. त्यांनीही माणसांना पुढे सोडायला सुरुवात केली होती, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ते विचारत होते, की काय बोलताय ते आम्हाला पण सांगा. मग स्टोअरकीपर थांबले, कॅशियर थांबले, बाइंडर बैठकीसकट थांबले. मागची माणसे त्यांना वळसा घालून जात राहिली. हा काय प्रकार आहे ते त्या लोकांना कळेना. आयुष्यात रांगेत उभे राहून मागे यायला धडपडणारी माणसे त्यांनी पाहिली नव्हती. असे करता करता मंडळी रांगेच्या अगदी शेवटाला येऊन पोचली, आणि मग त्यांच्या मागे कोणीच उरले नाही. गप्पा मात्र सुरू झाल्या. दोन्ही वहिनींनी डबे काढले. भाच्याचे मोडलेले लग्न हा विषय निघाला, तेव्हा मुकादम हसले आणि हसता हसता त्यांना रुमाल काढावा लागला. त्यांचे बोट एकदाही हवेत गेले नाही. सगळे इतक्या जवळ होते की गरज पडली नाही.

काउंटरला पोचेपर्यंत हॉल रिकामा झाला होता. मघाची माणसे पाळी संपवून गेली होती आणि साध्या रांगेच्या काउंटरवर एक नवा, कंटाळलेला कारकून बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, "किती जण?"

कॅशियर 'सात' म्हणायला तोंड उघडत होते. बुकिंग तेवढ्यांचेच होते. प्रूफवाल्या बाईंनी त्यांना कोपराने मागे सारले.

"आठ," त्या म्हणाल्या. "यांचं तिकीट वेगळं आहे, पण आमच्यातच घ्या. जेवायचं टेबलही एकच करा."

कारकुनाने मान वर केली. त्याने घामाघूम झालेल्या म्हाताऱ्यांकडे बघितले, घडीच्या बैठकीकडे बघितले आणि त्याला त्यांची खरोखर दया आली.

"अहो, आठ जण आहात तर या रांगेत कशाला उभे राहिलात? ते पलीकडचं काउंटर आहे ना, ते खास आठ जणांच्या ग्रुपसाठीच असतं. बसायला सोफे आहेत, ज्यूस देतात, सगळ्यांच्या आधी जहाजावर सोडतात. कुणाला विचारायचं तरी."

सगळ्यांनी मुकादमांकडे बघितले.

"आम्हाला माहीत नव्हतं," मुकादम म्हणाले.

कारकुनाने मान हलवली, आठ जणांना एक टेबल लिहून दिले आणि पुढच्या वेळी नीट चौकशी करून या म्हणून सांगितले.